दर तिसरा बाण

बाण गेला. मी सोडला नव्हता.

हे मी त्या दिवशी खंडारे सरांना तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही एखादी सून 'दूध मी उतू घालवलं नाही, ते आपलं आपणच गेलं' म्हणते आहे.

"किती?" त्यांनी विचारलं. प्रत्येक बाणानंतर ते एवढंच विचारायचे.

"एक."

"तीस मीटरवर एक? तीन वर्सं झाले तुले इथं येऊन, प्रणिता. कालची आलेली पोट्टी सात मारून रायली."

"सर, मी नाई सोडला. तो गेला."

"बाणाले पाय फुटले काय वो?"

मागं उभी असलेली पोरं खिदळली. मी टार्गेटकडं पाहिलं. कागदाच्या अगदी बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यात माझा बाण लाजल्यासारखा मान खाली घालून अडकला होता. मधलं पिवळं वर्तुळ कोरं होतं.

ही गोष्ट परतवाड्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी, लाकडांच्या डेपोंच्या पलीकडं आमचं धनुर्विद्येचं केंद्र होतं. एक मैदान, टार्गेटचे कागद लावायच्या गवताच्या आठ गाद्या, बाराजण राहतील एवढं पत्र्याचं वसतिगृह आणि खंडारे सर. मी सतरा वर्षांची, अकरावीत. बाबा लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला आणि आमचं गाव, खैरी, तिथून दीड तासावर. गावात शाळा दहावीपर्यंत. वसतिगृहाचा नियम सगळ्यांना पाठ होता: तिसरं वर्ष संपायच्या आत राज्याच्या संघात नाव लागलं पाहिजे, नाहीतर पेटी उचलायची. माझं तिसरं वर्ष चालू होतं. नागपूरची निवड चाचणी जानेवारीच्या दहा तारखेला होती, आणि मी सांगते आहे तो दिवस नोव्हेंबरचा. शाळाही तिथंच, धनुष्यही तिथंच. गावी परत गेले असते तर दोन्ही सुटलं असतं. मला दोन्ही हवं होतं. हट्टीपणात मी आईवर गेले आहे असं बाबा म्हणायचे, आणि आई म्हणायची, बाबांवर.

पण दिवाळीपासून माझ्या बोटांना काय झालं होतं कोण जाणे. आमची धनुष्यं बांबूची, साधी. दुर्बीण नाही, काटा नाही. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, बाणाचं टोक पिवळ्याखाली आणायचं, स्थिर व्हायचं आणि सोडायचं. माझं स्थिर होणंच नाहीसं झालं होतं. टोक पिवळ्याच्या आसपास फिरकलं की तीन बोटं आपोआप उघडायची. मी अजून नेम धरतेच आहे आणि बाण तिकडं पोचलेला! आधी दहातला एक जायचा असा, मग तीन, मग सहा. रात्री अंथरुणात मी ती बोटं घट्ट मिटून झोपायचे, म्हणजे सकाळी ती उघडणार नाहीत.

सरांकडं यावर एकच औषध होतं. ते पाठीमागं येऊन उभे राहायचे आणि टोक पिवळ्याखाली आलं रे आलं की कडाडायचे, "सोड!"

ही त्यांची जुनी पद्धत. आम्ही सगळे त्या आवाजावर वाढलो. "इचार करत बसला तो मेला," ते म्हणायचे. "दिसलं का सोड. देवाचं नाव नंतर घे." ते स्वतः मात्र धनुष्याला हात लावत नसत. त्यांचा खांदा गेलाय, असं जुनी पोरं सांगायची. काही दाखवायचं झालं तर हातातल्या वेताच्या छडीनं कोपर वर, पाय मागं, असं करायचे आणि ओढून दाखवायला एखाद्या मोठ्या मुलाला पुढं करायचे. भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो होता, गळ्यात चार पदकं. त्या फोटोखाली उभं राहून त्यांना प्रश्न विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्याच महिन्यात शेख मॅडम आल्या. तबस्सुम शेख, अमरावतीच्या एका महिला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयानं त्यांना दर शनिवारी आमच्याकडं धाडायचं ठरवलं होतं, खेळाडूंच्या मनाची तयारी करून घ्यायला. एसटीनं यायच्या, हातात दोन डब्यांचा टिफिन, पायात बूट आणि साडी.

"आल्या," सर आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले. "मनाच्या दंडबैठका काढाले."

मॅडमना तेही ऐकू गेलं. त्या हसल्या. "तसंच समजा सर. दंडाला लावता तेवढा वेळ मला द्या, जास्त नको."

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा बाराजणांना मैदानाच्या कडेला बसवलं आणि प्रत्येकाच्या हाती कागदाचा चतकोर दिला. "दोरी पूर्ण ओढलेली आहे. बाण अजून सुटलेला नाही. त्या क्षणी तुमच्या मनात जो शब्द येतो तो लिहा. एकच शब्द. एकमेकांचं पाहू नका, ही परीक्षा नाही."

आम्ही लिहिलं. त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, एकेक उघडून मांडीवर ठेवली. सहावीनंतर त्यांचा हात सावकाश झाला. बारावी चिठ्ठीही उघडली. मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पसरून आमच्याकडं फिरवल्या.

बाराच्या बारा चिठ्ठ्यांवर 'सोड' होतं. एकानं तर उद्गारचिन्हही दिलं होतं.

पोरं हसत सुटली. मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या मान वर करून लांब उभ्या असलेल्या सरांकडं पाहत होत्या. सरांनी चिठ्ठ्या दुरून वाचल्या असाव्यात. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"मंग? बरोबरच हाय," ते म्हणाले. "बाण सोडासाठीच असते."

नंतर मॅडमनी मला एकटीला बोलावलं. मी माझी ती दूध उतू जाण्यासारखी कहाणी पुन्हा सांगितली. त्यांनी ती अशी ऐकली, जशी कुणी तापाची लक्षणं ऐकतं. "हे पुष्कळ तिरंदाजांना होतं," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोलत नाहीस. खरंच तू सोडत नाहीस, बोटं सोडतात. नजरेला पिवळं दिसलं की ती तुला न विचारता कामाला लागतात. आता त्यांना विचारायला शिकवायचं."

"कसं?"

"पिवळं काढून टाकू."

पुढच्या शनिवारपासून माझी धिंड सुरू झाली. शेवटच्या गादीवरचा कागद काढला. तीस मीटर नाही, वीस नाही, तीन मीटर. तीन! एवढ्या अंतरावरून आमच्या गावची म्हातारी सुद्धा शेणाची गोवरी भिंतीवर नेमकी थापते. आणि वर डोळे मिटून. दोरी ओढायची, मिटल्या डोळ्यांनी दहा आकडे मोजायचे, मग सोडायचं. आणि दर तिसरा बाण सोडायचाच नाही. ओढायचा, दहा मोजायचे आणि सावकाश दोरी खाली आणायची. मॅडमनी एक वही दिली. तीत दोनच रकाने. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'बोटं'. बाण मी सोडला तर पहिल्या रकान्यात रेघ, आपोआप सुटला तर दुसऱ्या.

पहिल्या सकाळी सर फिरत फिरत आले. मी डोळे मिटून उभी. बाण गवतात घुसल्याचा आवाज झाला.

"किती?" सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

"कागदच लावलेला नाही सर," मॅडम म्हणाल्या.

सर छडी हलवत पुढं गेले. पण संध्याकाळी जेवणाच्या रांगेत त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे पाय, प्रणिता. चाचणीले सात आठवडे हायेत. नेम धराचा असन तर माह्याजवळ ये. डोळे मिटून देवध्यान कराचं असन तर त्या मॅडमजवळ जाय. दोन्ही मांडवात जेवता येत नाई."

 सरांनी मला चौदा वर्षांची असताना खैरीच्या शाळेतून उचललं होतं. गोफणीनं चिंचा पाडताना पाहून. बाबांना समजावायला ते तीन वेळा आमच्या घरी आले होते. त्यांना नाही म्हणणं म्हणजे घरच्याच माणसाला नाही म्हणणं. पण रात्री वही उघडली तर पहिल्या दिवसाच्या साठ बाणांत 'मी'च्या रकान्यात चार रेघा होत्या. छप्पन बोटांच्या. सरांकडं गेले असते तर त्या छप्पन तशाच राहिल्या असत्या, फक्त दिसल्या नसत्या.

"सर, मी तीन मीटरवरच थांबतो," मी सकाळी सांगितलं. आमच्याकडं मुलीही 'थांबतो' म्हणतात.

"थांब," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर सहा आठवडे ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

सांगायला सोपं वाटतं. बाण सुटणं थांबवता थांबत नव्हतं आणि तिसरा बाण तर माझा वैरी झाला. सोडायचा नाही हे आधीच ठाऊक असायचं, तरी पाच म्हणेपर्यंत बोटं उघडायची. लहान पोरं पाणी प्यायच्या निमित्तानं यायची आणि मोठ्यानं मोजायची. "चार… पाच… गेला!" त्यांतल्या एकीचं नाव होतं कुंदा. नवी, बारा वर्षांची, तोंडाळ. ती म्हणाली, "ताई, आंधळ्या कोशिंबिरीत तुमीच राज्य घ्या." मी तिच्यामागं धावले. धनुष्य घेऊनच धावले, त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली.

एका शनिवारी मी मॅडमपुढं रडले. "मले हे जमत नाई. मी भैताड आहो."

"भैताड असतीस तर बोटांच्या रकान्यात इतक्या खऱ्या रेघा मारल्या नसत्यास," त्या म्हणाल्या. त्यांनी टिफिन उघडून मला एक मेथीचा पराठा दिला. "चिठ्ठीवर तुझा शब्द काय लिहिला होतास?"

"सोड."

"तो तुझा नाही, सरांचा आहे. तुझा शोध. घरात कुणाला स्थिर उभं करायचं असेल तर काय म्हणतात?"

 मला एकदम आईच आठवली. आमची म्हैस मोठी नाठाळ. धार काढताना आई तिच्या पोटाला डोकं टेकवून एकाच सुरात म्हणत राहायची, 'उभी राय वो बाई, उभी राय.' ओरडून नाही. म्हैस आधी पाय झाडायची, मग थांबायची, आणि मग पान्हा सोडायची.

मी ते सांगितलं तेव्हा मॅडम इतक्या हसल्या की पराठ्याचा तुकडा खाली पडला. "हेच. आता दोरी ओढलीस की बोटांना हे म्हणायचं."

म्हटलं. सोमवारी साठात 'मी' अकरा. गुरुवारी एकोणीस. डिसेंबरच्या मध्यावर एक दिवस असा आला की तिसरा बाण मी दहापर्यंत धरला, खांद्याची शीर उडायला लागली तरी धरला आणि दोरी इंच इंच करत खाली आणली. बाण धनुष्यावर तसाच राहिला. मी डोळे उघडले आणि त्याच्याकडं पाहत बसले. आयुष्यात मारलेल्या कुठल्याही दहा गुणांच्या बाणापेक्षा त्या न मारलेल्या बाणाचा मला जास्त आनंद झाला होता. कुंदा जवळच होती. ती काही चिडवेल म्हणून मी वळले, तर ती तोंड उघडं टाकून उभी. "थांबला!" ती म्हणाली.

मग पाच मीटर, उघडे डोळे, कोरी गादी. मग दहा. मग कागद, पण नुसता पांढरा. नाताळच्या आसपास तीस मीटरवर पिवळं परत आलं, आणि बोटं पुन्हा एकदा दगा देऊन गेली. मी वही घेऊन तीन मीटरवर परत आले. रडले नाही. रस्ता आता माहीत झाला होता.

त्याच दिवसांतली एक सकाळ. थंडी मरणाची, म्हणून मी इतरांच्या आधीच गरम व्हायला मैदानावर आले. धुकं होतं. शेवटच्या गादीपुढं कोणीतरी उभं होतं. सर. त्यांच्या हातात माझं धनुष्य, दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली. मी जागीच थांबले. आठ वर्षं इथं असलेली पोरं म्हणायची की सरांना धनुष्य धरताना कुणी पाहिलं नाही, आणि ते तर कोरून काढल्यासारखे उभे होते. कोपर, खांदा, मनगट, सगळं एका रेषेत. तो खांदा गेलेल्या माणसाचा खांदा नव्हता.

ते सोडतील म्हणून मी वाट पाहिली. ते सोडेनात. हात थरथरायला लागला, मग सगळं अंग. दोरी खाली येईना आणि बाण सुटेना. शेवटी त्यांनी धनुष्यच कसंतरी जमिनीकडं वळवून गुडघा टेकला, आणि बाण गवतात सरपटत गेला.

त्यांनी मला पाहिलं. "दोरी तपासत होतो," ते म्हणाले. "सैल झाली हाय." धनुष्य माझ्या हातात देऊन ते चालू लागले. मी दोरी पाहिली. ती सैल नव्हती.

मी ते कोणालाच सांगितलं नाही. खांदा दुखला असेल, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मला समजून घ्यायचं नव्हतं.

दहा जानेवारीला नागपुरात वारा होता. सरांनीच आम्हा चौघींना नेलं. मॅडमना कॉलेजची परीक्षा होती, त्यांनी सकाळी फोनवर एवढंच सांगितलं, "गुण लिहिणारे लिहितील. तू फक्त रेघा मार. मनात." संघात मुली चार घ्यायच्या होत्या. दुपारपर्यंत मी पाचवी होते, मग चौथी. शेवटच्या सहा बाणांआधी यवतमाळची एक मुलगी माझ्यामागं पाच गुणांवर होती. तिचे सहा आधीच्या पाळीतच मारून झाले होते आणि त्यांचे पन्नास गुण फळ्यावर लागले होते; तिच्या पुढं राहायला मला सेहेचाळीस हवे होते. सहा बाणांना चार मिनिटं.

पहिले चार नीट गेले. आठ, नऊ, आठ, आठ. मी, मी, मी, मी. पाचव्याला वाऱ्यानं बाह्या फडफडल्या, टोक पिवळ्याखालून घसरलं, परत आलं, आणि ते परत येताना पाहूनच बोटं उघडली. बाण निळ्यात. पाच.

मागं कुणीतरी फळ्याकडं पाहून हिशेब केला आणि पुटपुटलं, "आता आठ पायजे. सातात टाय." मला ऐकायचं नव्हतं, ऐकू आलं.

सहावा बाण लावला. ओढला. टोक पिवळ्याखाली आलं, आणि मला कळलं की बोटं जाणार. ती गरम झाली होती, धरून धरून ओली झाली होती, आणि माझ्या पाठीमागं दहा पावलांवर खंडारे सर उभे होते. तीन वर्षं त्या जागेवरून एकच आवाज आला होता. तो आत्ता येणार हे मला मानेवरच्या केसांपर्यंत जाणवलं. तो आला असता तर बाण गेला असता. कुठं गेला असता देव जाणे.

उभी राय वो बाई.

आवाज आला नाही. मी दोरी खाली आणली.

रेषेवर बाजूच्या मुलींनी माझ्याकडं चमकून पाहिलं. शेवटच्या बाणाला, घड्याळ पळत असताना कोणी धनुष्य खाली घेत नाही. त्याच वेळी पिवळा दिवा लागला. तीस सेकंद राहिले. बघायला नको होतं, पण मी मागं वळून बघितलं.

सरांनी आपली टोपी दातांत धरली होती. दोन्ही हातांनी धरून ती तोंडात कोंबली होती, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जोरजोरानं मान हलवत होते. हो, हो, हो.

मी परत टार्गेटकडं वळले. श्वास घेतला. ओढला. घड्याळ काय म्हणत होतं मला माहीत नाही. मी दहा मोजू शकत नव्हते, पाच मोजले. बोटं थांबली. टोक पिवळ्याखाली आलं, हललं, पुन्हा आलं, आणि ती थांबूनच राहिली, मी विचारेपर्यंत.

मग मी सोडला.

आठ. लाल पट्ट्यात, पिवळ्याला जवळजवळ चिकटून. एका गुणानं चौथी.

पेढे, फोटो, बाबांना शेजारच्या दुकानात केलेला फोन, हे सगळं झालं ते झालं. संध्याकाळी परतीच्या एसटीत बाकीच्या तिघी झोपल्या आणि सर माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. टोपी मांडीवर. तिच्या कडेला दातांच्या खुणा होत्या.

ते खिडकीबाहेरच्या संत्र्यांच्या बागेकडं पाहत होते.

"त्या दिवशी तू पायलं मले," ते म्हणाले. "धुक्यात."

"हाव, सर."

"माहा खांदा नाई गेला. खांद्याले काई झालं नाई कवाच." त्यांनी घसा साफ केला. "माही शेवटची स्पर्धा, वीस वर्सं झाले. शेवटचा बाण. सोन्याचं पदक नुसतं हात लांबवला का मिळन, असं होतं. मी दोरी वढली. टोक बरोबर मंधात. आन् बोटं उघडले नाई. मी मनलं, आता सोडतो, आता सोडतो. नाई. घड्याळ सपलं. शिटी वाजली. मी तसाच, वढलेला. दोघांनी येऊन माह्या हातातून धनुष्य काढलं."

मी त्यांच्या बोटांकडं पाहिलं.

"मंग घरी आलो तरी तेच. वढलं का आवळून बसते. लोकाले सांगतलं, खांदा गेला. माह्या बायकोलेई तेच सांगतलं." ते टोपीच्या खुणा अंगठ्यानं चोळत होते. "मले वाटे, माह्या पोट्ट्यायचं असं नोको व्हाले. एकाचंई नोको. म्हनून मी मागून म्हनत जाओ, सोड. थांबू नोको, सोड. तुमी थांबलेच नाई पायजे." ते थांबले. "तू रोज म्हनत होती, सर मी सोडला नाई. मी आयकत नोहतो. तुही बोटं मीच उघडले, बाई."

 मला राग यायला हवा होता का? कित्येक आठवडे तीन मीटरवर उभी राहिले ते आठवलं, कुंदाचं मोजणं आठवलं. आणि मग खैरीच्या रस्त्यानं आमच्या घराकडं तिसऱ्यांदा चालत येणारा, घामानं भिजलेला माणूस आठवला. राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं, त्यांच्या वीस वर्षांचं.

"आज तुमी टोपी खाल्ली, सर," मी म्हणाले.

ते हसले. किती दिवसांनी हसले होते!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी उशिरा उठून दात घासत मैदानाकडं आले तर शेवटच्या गादीपुढं सर उभे. या वेळी हातात त्यांचं स्वतःचं धनुष्य होतं. सरांच्या घरच्या काकूंच्या जुन्या पातळाची गुंडाळी पायाशी सोडून ठेवलेली, तिच्यावर माळ्यावरची धूळ. गादीवर कागद नव्हता. अंतर तीन मीटर.

"तुही वही आन," ते म्हणाले. "आन् मागं उभी राय. तोंड बंद ठेवजो."

मी चूळ भरून, वही घेऊन मागं उभी राहिले. बरोब्बर त्यांच्याच जागेवर. त्यांनी डोळे मिटले आणि ओढलं. दहा मोजून झाले, वीस झाले. बोटं उघडेनात. माझ्या जिभेच्या टोकावर तो शब्द येऊन बसला. तो म्हटला असता तर कदाचित सुटलाही असता बाण, इतक्या वर्षांची सवय आवाजालाही असतेच. मी वही तोंडावर धरली.

"उतरवाचं कसं?" ते डोळे न उघडता म्हणाले.

"सावकाश, सर. इंच इंच."

दोरी खाली आली. त्यांनी दम घेतला. पुन्हा ओढलं, पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तसंच. त्यांचा शर्ट थंडीतही पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, बस करा आता. मनातल्या मनात म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी ओढलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

गवतात खस्सकन आवाज झाला.

सर तसेच उभे होते, डोळे मिटलेले, रिकामी बोटं हनुवटीशी. या खेपेला त्यांनी 'किती' विचारलं नाही.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला, सर," मी म्हणाले आणि पहिल्या रकान्यात रेघ मारली. "तुमीच सोडला."